रोजची जुनी गाडी

इंग्रजीत 'व्हिंटेज' हा शब्द द्राक्षांच्या हंगामातून आला. मराठीत तो आला मोटारींच्या मिरवणुकीतून. मुंबईच्या रस्त्यावरून एखाद्या रविवारी सकाळी निघणारी जुन्या गाड्यांची फेरी, घासूनपुसून लखलखीत केलेले पितळी दिवे, चालकाच्या डोक्यावरची खास त्या दिवसापुरती टोपी, असे काहीसे चित्र या शब्दाबरोबर आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. त्या चित्रात संस्थानिकांची रोल्स रॉइस असते. मिरचीची पोती आणि पोत्यांवर बसलेली माणसे वाहून नेणारी जीप त्यात नसते.

कायद्यालाही ती तेथे नको आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून व्हिंटेज वाहनांची स्वतंत्र नोंदणी सुरू केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली, वैयक्तिक वापराची, मूळ घडणीत मोठे फेरफार न झालेली दुचाकी आणि चारचाकी वाहने या वर्गात येतात. त्यांना 'व्हीए' अक्षरांची वेगळी पाटी मिळते, २०,००० रुपये शुल्क पडते आणि नोंदणी १० वर्षे टिकते. इथवर सारे ठीक. परंतु असे वाहन नेहमीच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, जुन्या गाड्यांची फेरी, आणि इंधन भरणे वा दुरुस्ती, एवढ्यापुरतेच ते बाहेर काढायचे. म्हणजे पेट्रोल भरायला जाता येईल, पण त्या पेट्रोलवर बाजाराला जाता येणार नाही! जुनी गाडी ज्याला रोज चालवायची आहे, त्याने व्हिंटेजची पाटी न घेता साध्या नोंदणीचेच दर पाच वर्षांनी नूतनीकरण करत राहावे, हे उत्तम.

जुनी, छोटी, मागे उघडा हौदा असलेली मालवाहू गाडी रोजच्या वापरासाठी विकत घेणे ही अमेरिकेत अलीकडे एक प्रतिष्ठित हौस झाली आहे. तिच्यामागे एक गमतीदार इतिहास आहे. १९६०च्या दशकाच्या आरंभी युरोपीय देशांनी स्वस्त अमेरिकन कोंबड्यांवर जबर आयातशुल्क लादले. त्याचा सूड म्हणून अध्यक्ष जॉन्सन यांनी डिसेंबर १९६३ मध्ये परदेशी हलक्या ट्रकांवर २५ टक्के शुल्क बसवले. नेम होता जर्मनीच्या फोक्सवागनवर. कोंबड्यांचे भांडण कधीच मिटले. ट्रकांवरील शुल्क मात्र राहिले. तरीही दात्सुन आणि टोयोटा यांनी निरनिराळ्या वाटा काढून १९७० आणि १९८०च्या दशकांत तेथे लहान पिकअप भरपूर विकल्या. पुढे इंधनबचतीचे नियम गाडीच्या आकारमानाशी जोडले गेले, मोठ्या गाडीला सवलत अधिक मिळू लागली, आणि कंपन्यांनी लहान पिकअप जवळजवळ सोडूनच दिल्या. आता तेथील ज्या सुताराला वा माळ्याला चार फळ्या आणि दोन पिशव्या माती न्यायची आहे, तो नव्या राक्षसी ट्रकाऐवजी चाळीस वर्षांची जुनी गाडी शोधतो. जपानहून २५ वर्षे जुने चिमुकले ट्रकही मागवले जातात, आणि काही राज्यांनी त्यांची नोंदणी नाकारल्यामुळे त्यावरून खटकेही उडाले आहेत.

आपल्याकडे हे चित्र उलटे आहे. लहान मालवाहू गाडी आपल्या रस्त्यांवरून कधी गेलीच नाही. जुनी गाडी रोज चालवणे ही आपल्याकडे हौस म्हणून ओळखली गेली नाही, कारण ती गरज होती. आणि गरजेने वापरलेल्या वस्तूचा इतिहास लिहिण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. प्रस्तुत लेखात तो थोडासा मांडण्याचा प्रयत्न आहे. त्यासाठी स्थळ घेतले आहे नंदुरबार तालुक्यातील धानोरा. (धानोरा नावाची गावे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. गडचिरोलीत त्या नावाचा तालुका आहे, जळगाव आणि बीड जिल्ह्यांतही धानोरे आहेत. हे त्यांपैकी नव्हे.) मात्र धानोऱ्याला पोहोचण्याआधी थोडे आडवळण घ्यावे लागेल, कारण तेथे जी गाडी पोहोचली ती हांबुर्ग आणि ओहायो येथून, मुंबई-पुण्यामार्गे आली.

प्रथम शब्दाचा विचार करू. 'पिकअप' हा शब्द खानदेशात आज सर्रास ऐकू येतो, पण त्याचे वय फार नाही. महिंद्राच्या बोलेरोची मालवाहू आवृत्ती गावोगाव पोहोचली तेव्हापासूनचा, म्हणजे या शतकातला तो आहे. त्यापूर्वी मराठी माणूस लहान मालवाहू गाडीला सरसकट 'टेम्पो' म्हणत असे, अजूनही म्हणतो. 'टेम्पो केला', 'टेम्पोत सामान भरले', 'टेम्पोवाला अडून बसला' ही वाक्ये इतकी घरची आहेत, की टेम्पो हे कोणा कंपनीचे नाव होते हे सांगावे लागते.

ती कंपनी हांबुर्गची. विडाल आणि पुत्र यांचा 'टेम्पो' कारखाना १९२४ मध्ये सुरू झाला आणि तीन चाकांच्या स्वस्त मालवाहू गाड्यांसाठी नावाजला. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ मध्ये, त्यांनी 'हान्झेआट' नावाचे तीनचाकी वाहन काढले. पुढे एकच चाक, त्याच चाकाला ओढ देणारे दोन-स्ट्रोक इंजिन, आणि मागे मोकळा हौदा. बेचिराख झालेल्या शहरांत विटा, कोळसा आणि बटाटे वाहून नेण्यासाठी ते काढले होते. जर्मनी सावरली, लोकांना चार चाके परवडू लागली आणि १९५०च्या दशकाच्या मध्यास तेथे हान्झेआटची सद्दी संपली.

ती संपत असतानाच तिचा भारतातील जन्म झाला. तेव्हाच्या अहमदनगरचे वकील आणि स्वातंत्र्यसैनिक नवलमल फिरोदिया यांनी १९५८ मध्ये विडाल यांच्याशी सहकार्य करून 'बजाज टेम्पो' ही कंपनी उभी केली. हेच फिरोदिया ऑटोरिक्षा या देशात रुजवण्याच्या प्रयत्नांतही अग्रभागी होते. माणसाने माणसाला ओढणे थांबावे ही त्यांची तळमळ होती. हातगाडी आणि बैलगाडी यांच्या एक पायरी वर, पण ट्रकच्या पुष्कळ खाली, अशी एक रिकामी जागा आपल्या बाजारात आहे हे त्यांनी ओळखले. प्रथम मुंबईत गोरेगावला आणि १९६०च्या दशकात पुण्याजवळ आकुर्डीला कारखाना गेला. हान्झेआट येथे विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत बनत राहिली, म्हणजे जन्मभूमीपेक्षा कितीतरी पट अधिक काळ. हांबुर्गचा कारखाना दरम्यान हानोमागने गिळला, हानोमाग आणखी कोणी, आणि नव्या गाड्यांवरून टेम्पो हे नाव जर्मनीत लोप पावले. पुण्याच्या कंपनीनेही २००५ मध्ये 'फोर्स मोटर्स' असे नाव धारण करून तो शब्द सोडून दिला. आता तो कोणाचाच नाही, म्हणून सगळ्यांचा आहे. उत्तर भारतात तीनचाकी प्रवासी रिक्षाला टेम्पो म्हणतात, काठमांडूत विजेवर चालणारे 'साफा टेम्पो' १९९०च्या दशकापासून धावत आहेत. एका जर्मन गाडीचे, मुळात इटालियन असलेले नाव दक्षिण आशियात सामान्यनाम होऊन बसावे आणि शब्दकोशकारांखेरीज कोणाला त्याचे अगत्य नसावे, हे आपल्या इतिहासलेखनाच्या आवडीनिवडीबद्दल बरेच सांगून जाते. आणखी एक गोष्ट. व्हिंटेजच्या नव्या नियमांत दुचाकी आणि चारचाकी एवढीच वाहने आहेत. मराठीला टेम्पो हा शब्द देणारी मूळ गाडी तीन चाकांची होती आणि धंद्याची होती. ती व्हिंटेज होऊच शकत नाही.

दुसरा प्रवाह जीपचा. विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून महायुद्धाच्या काळात सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनवल्या. युद्ध संपल्यावर त्यांतील काही भारतातील लष्करी तळांवर राहिल्या आणि लिलावात निघाल्या. 'डिस्पोजलचा माल' हा शब्दप्रयोग जुन्या पिढीच्या तोंडी असे, तो या लिलावांमुळे. युद्धकाळात वॉशिंग्टन येथे भारताच्या खरेदी मंडळाचे प्रमुख असलेले कैलाशचंद्र महिंद्र, त्यांचे बंधू जगदीशचंद्र आणि मलिक गुलाम मोहम्मद या तिघांनी २ ऑक्टोबर १९४५ रोजी 'महिंद्र अँड मोहम्मद' ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तेथे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीच्या नावात दुसऱ्यांदा महिंद्र आले. विलिसच्या जीपचे सुटे भाग आणून मुंबईत माझगावला गाड्या जुळवण्याचे काम तोवर सुरू झाले होते.

जीप ही लष्करासाठी जन्मलेली गाडी, पण ग्रामीण महाराष्ट्राने तिला पाहिले ते सरकारची गाडी म्हणून. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि गटविकास अधिकारी, तहसीलदार, वन खाते, आरोग्य खाते यांच्या जीपा पांदणीपर्यंत येऊ लागल्या. धुळीचा लोट दिसला की गावात निरोप पोहोचे. निवडणुकीत जीप, दुष्काळात जीप, नसबंदीच्या मोहिमेत जीप. मराठी ग्रामीण कथेत 'जीप आली' या दोन शब्दांनी जे वातावरण उभे राहते, ते वर्णनाच्या पानभर मजकुराने साधत नाही.

ही सरकारी गाडी शेतकऱ्याच्या दारी कशी आली? निर्लेखनाच्या वाटेने. ठरावीक वर्षे आणि ठरावीक किलोमीटर झाले की खाते गाडीचे निर्लेखन करते आणि ती लिलावात काढते. तहसील कचेरीच्या आवारात पिंपळाखाली चाके बसलेली, काचेवर खडूने क्रमांक लिहिलेली जीप हे जिल्ह्याच्या ठिकाणचे नेहमीचे दृश्य. ती घेणारा गाडीचे वय बघत नसे, पाटे आणि चासी बघे. इंजिन काय, आज ना उद्या बदलायचेच. ही बदलाबदल १९७३च्या तेलसंकटानंतर अपरिहार्यच झाली. पेट्रोल महागले, डिझेलला सरकारने हात दिला, आणि पेट्रोलवर चालणारी विलिस घराण्याची जीप पोसणे अशक्य झाले. कंपनीने ट्रॅक्टरच्या कुळातील डिझेल इंजिन जीपमध्ये बसवले. पुढे फ्रान्सच्या प्यूजोकडून परवाना घेऊन इगतपुरीला डिझेल इंजिने बनू लागली. ज्यांच्याकडे जुन्या पेट्रोल जीपा होत्या त्यांनी गॅरेजमध्ये जाऊन मिळेल ते डिझेल इंजिन बसवून घेतले. विलिसच्या सांगाड्यात मॅटॅडोरचे इंजिन, त्याला तिसऱ्याच गाडीचा गिअरबॉक्स! मॅटॅडोरचे हे इंजिन मर्सिडीजच्या परवान्याने पुण्यात बनत असे, म्हणजे अमेरिकन जीपच्या पोटात जर्मन हृदय बसे. मिस्त्रीला दोन्ही देशांशी कर्तव्य नसे. बोल्ट जुळतो की नाही एवढेच तो पाही.

याच कुळात एक खरीखुरी छोटी पिकअपही होती आणि ती आज अगदी विस्मरणात गेली आहे. विलिसने १९५६ च्या अखेरीस 'फॉरवर्ड कंट्रोल' नावाचा नमुना आणला. बोनेट नाही, चालक इंजिनावरच बसल्यासारखा, आणि ८१ इंचांच्या चाकांतरावर ७४ इंचांचा हौदा. एवढ्या आखूड गाडीत एवढी माल ठेवायची जागा कोणी काढली नव्हती. ब्रूक्स स्टीव्हन्स या प्रसिद्ध रचनाकाराचे ते काम. अमेरिकेत ती फारशी खपली नाही आणि १९६५ मध्ये बंद पडली. त्याच वर्षी महिंद्राने मुंबईत तिचे उत्पादन सुरू केले. पुढे ती डिझेलवर आली आणि कितीतरी वर्षे रुग्णवाहिका, शाळेची गाडी, पोलिसांची गाडी, भाजीची गाडी अशा रूपांत हिंडली. आज अमेरिकेतले संग्राहक मूळ फॉरवर्ड कंट्रोलसाठी भली किंमत मोजतात. आपल्याकडच्या बहुतेक गाड्या किलोच्या भावाने गेल्या.

आता धानोऱ्याकडे वळू. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. तापीच्या दक्षिणेस नंदुरबार आणि नवापूर, उत्तरेस शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि थेट सातपुड्याच्या पोटातले धडगाव. २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची. सुरत–जळगाव लोहमार्गामुळे नंदुरबारचे तोंड पश्चिमेला वळलेले. मजुरी, माल, दवाखाना यांसाठी सुरत मुंबईपेक्षा जवळची. बाजारपेठ मिरचीची. हंगामात शहराभोवतीच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडते आणि कोणी परका वाऱ्याच्या दिशेला उभा राहिला तर दोन मिनिटांत त्याला ते कळते.

मिरची हलकी, पण जागा खाणारी. कापूस तसाच. भाजीपाला नाशवंत. धानोऱ्यासारख्या गावातील शेतकऱ्याला पहाटे माल घेऊन निघावे लागते, आणि पूर्ण ट्रक भरेल एवढा माल त्याच्याकडे नसतो. बैलगाडीने उशीर होतो. एसटीच्या टपावर पोती टाकण्याचे दिवस गेले. म्हणून छोटी मालवाहू गाडी. नवी घ्यायची तर कर्ज, हप्ते, हप्ता चुकला की वसुलीवाले. जुनी घेतली तर रोख पैसे देऊन मोकळे. जुन्या गाडीचे अर्थशास्त्र एवढे सरळ आहे. जुनी जीप डिझेल अधिक पिते हे तिच्या मालकाला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. पण हप्ता प्रत्येक महिन्याला येतो आणि डिझेल गाडी बाहेर काढली तरच लागते. ज्याचे उत्पन्न हंगामी आहे त्याला हा फरक फार मोठा. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले तेव्हा या हिशोबाला धक्का बसला खरा, परंतु तो मोडला नाही.

गाडी बघताना काय बघावे, याचेही एक शास्त्र झाले आहे. पाटी पाहावी. एमएच-१८ असेल तर नोंदणी धुळ्याची, आणि मालक नंदुरबारकडचा असेल तर बहुधा जिल्हा वेगळा होण्याच्या काळातील किंवा त्याआधीची. एमएच-३९ असेल तर नंतरची. १९८९ पूर्वीची तीन अक्षरांची जुनी पाटी असेल तर गाडी खरी म्हातारी. मग खाली वाकून चासी पाहावी, जोड दिलेला असेल तर परत फिरावे. पाट्यांची पाने मोजावीत, कारण भार वाढवण्यासाठी एखादे पान जास्त घातलेले असते आणि त्यावरून गाडीने आयुष्यात काय सोसले ते कळते. फाळका उघडून हौद्याचा पत्रा ठोकून पाहावा. थंड इंजिन सुरू करून धूर बघावा. शेवटी आरसी बुक उघडून इंजिनाचा क्रमांक प्रत्यक्ष इंजिनावरच्या क्रमांकाशी पडताळावा, आणि येथे बहुतेक व्यवहार अडतात. वर सांगितलेल्या बदलाबदलीत कागद मागे राहिलेले असतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या घडणीत फेरफार करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातील एका प्रकरणात ते अधिक कडक शब्दांत सांगितले. कायद्याच्या जागी कायदा बरोबर आहे. परंतु खानदेशातील निम्म्या जुन्या जीपा, त्यांच्या कागदांचे प्रामाणिकपणे वाचन केले तर, अस्तित्वातच नाहीत असे म्हणावे लागेल.

गाडी खासगी म्हणून नोंदलेली आहे की मालवाहू म्हणून, हा प्रश्न याहून महत्त्वाचा. मालवाहू असेल तर आठ वर्षांनंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर परमिट लागत नाही, ही सवलत १९८८च्या कायद्यात मुद्दाम लहान माणसासाठी ठेवलेली आहे. महाराष्ट्रात २०१० पासून जुन्या वाहनांवर पर्यावरण कर आहे. हे सारे खर्च मिळवूनही जुनी गाडी परवडते, म्हणूनच ती घेतली जाते.

इथपर्यंतचा हिशोब मालाचा झाला. हौद्यात माल असतो तशी माणसेही असतात, आणि त्यांचा हिशोब इतका सरळ नाही.

राज्यात एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून तेव्हाच्या अहमदनगरला गेली. टप्प्याटप्प्याने प्रवासी घेण्याचा हक्क पुढे महामंडळाकडे राहिला. एसटीने खेड्यांसाठी जे केले त्याला तोड नाही, हे मनापासून मान्य. परंतु सातपुड्याच्या घाटात, पाड्यापाड्यांतून विखुरलेल्या वस्तीपर्यंत, बाजाराच्या दिवशी लागतील तितक्या फेऱ्या तिला कधीच करता आल्या नाहीत. ती पोकळी जीपने भरली. काही गाड्या परवान्याच्या, काळी-पिवळी रंगवलेल्या. बाकीच्या नुसत्याच. आत दहा, मागे लोंबकळणारे चार, टपावर कोंबड्या आणि त्यांचे मालक. नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ या एसटी संपाच्या काळात तर जिल्ह्यातील हालचाल बहुतांशी याच गाड्यांवर चालली. माणसे वाहण्याचा परवाना नसलेली पिकअप हे त्याच साखळीतले शेवटचे आणि सर्वांत स्वस्त वाहन. ऊसतोडीला गुजरातेत जाणारी टोळी, लग्नाचे वऱ्हाड, यात्रेकरू, बाळंतीण, सगळे हौद्यात उभे.

१८ ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन दिवाळीत, अस्तंब्याच्या यात्रेहून परतणाऱ्या भाविकांची पिकअप चांदशैली घाटात उलटली आणि अनेक तरुण मेले. अस्तंबा म्हणजे अश्वत्थाम्याचे शिखर. दरवर्षी दिवाळीत हजारो लोक तेथे चढतात. बातमीत वाहनाच्या वेगाचा, वळणाचा आणि चालकाचा उल्लेख होता. मालवाहू गाडीतून माणसे का चालली होती, हा प्रश्न दोन दिवस विचारला गेला.

या माणसांच्या बाबतीत कायदा काय म्हणतो हे फारसे कोणाला माहीत नसते. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सतपाल सिंग प्रकरणात असे म्हटले होते की, १९८८च्या कायद्याखाली मालवाहू गाडीतून फुकट जाणाऱ्या प्रवाशाचीही जबाबदारी विमा कंपनीवर येते. डिसेंबर २००२ मध्ये आशा राणी प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो निर्णय फिरवला. मालवाहू गाडीत बसलेला प्रवासी विम्याच्या कक्षेत येत नाही. १९९४च्या दुरुस्तीने मालाच्या मालकाला किंवा त्याने नेमलेल्या माणसाला तेवढे संरक्षण आहे. म्हणजे मिरचीच्या पोत्याबरोबर पोत्याचा धनी बसला असेल तर त्याच्या मृत्यूची भरपाई विमा कंपनी देईल. त्याच्याशेजारी उभा असलेला, गावी जाणारा मजूर मेला तर ती जबाबदारी गाडीच्या मालकावर. आणि हा मालक कोण? ज्याच्यापाशी नव्या गाडीचा हप्ता भरण्याची ऐपत नव्हती म्हणून त्याने जुनी घेतली, तो. त्याच्याकडून भरपाईची रक्कम कशी वसूल व्हावी?

न्यायालयाचा तर्क चुकीचा आहे असे म्हणवत नाही. विमा ज्या धोक्यासाठी घेतला त्याच धोक्यापुरता असतो, हे खरेच. पण प्रस्तुत लेखकाला असे वाटते की, गाडी ज्या कामासाठी नोंदली गेली आणि ज्या कामासाठी ती या भागात साठ-सत्तर वर्षे चालली, ही दोन कामे कधी एक नव्हतीच, आणि हे सर्वांना ठाऊक होते. सरकारी जीपनेही वाटेतल्या बाईला मागे बसवून दवाखान्यात पोहोचवले आहे. शासनाने या मिश्र वाहतुकीसाठी एखादा मधला वर्ग, थोडा अधिक हप्ता घेऊन मर्यादित प्रवाशांना संरक्षण देणारा, केव्हाच काढायला हवा होता. मालक आणि त्याच्या मालाला कायद्याने पाहिले, हौद्यात उभ्या असलेल्या माणसाला पाहिले नाही. जुनी पिकअप रोजच्या वापरासाठी घेणाऱ्या धानोऱ्याच्या माणसाला म्हणूनच इंजिनाच्या धुराइतकीच ही गोष्ट आधी सांगायला हवी: मागे कोणी 'मला फाट्यापर्यंत सोडा' म्हणून हात करील, तेव्हा नाही म्हणणे शक्य होणार नाही, आणि हो म्हटल्यावर त्या माणसाच्या जिवाची हमी फक्त तुझी असेल.

या सगळ्या काळात त्या जुन्या जीपच्या आकाराचे काय झाले, हेही सांगायला हवे. महिंद्राने २०१८ मध्ये 'रॉक्सर' नावाची, साध्या जुन्या जीपसारखी दिसणारी शेतावर वापरण्याची गाडी अमेरिकेत मिशिगन राज्यात जुळवून विकायला काढली. तेव्हा जीपचे नाव ज्यांच्याकडे होते त्या फियाट क्रायस्लर कंपनीने तिच्यावर नक्कल केल्याचा दावा ठोकला. जून २०२० मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने दावा मान्य केला आणि गाडीचे तोंड बदलावे लागले. विलिसनेच परवाना देऊन सत्तर वर्षांपूर्वी भारतात पाठवलेला चेहरा परत गेला तर तेथे नक्कल ठरला. खानदेशात तोच चेहरा घेऊन फिरणाऱ्या गाड्यांना कोणी काही म्हटले नाही. त्यांना फक्त वय आड आले.

२०२१ पासून वाहन मोडीत काढण्याचे धोरण आले, नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून मोटारींसाठी ६०० वरून ५,००० रुपयांवर गेले. सरकारी गाड्या पंधरा वर्षांनंतर लिलावाऐवजी थेट नोंदणीकृत मोडणी केंद्रात पाठवण्याचे नियम झाले. त्याबरोबर कचेरीच्या आवारातून शेतकऱ्याच्या दारी येण्याची ती जुनी वाट बंद झाली. आता जुनी गाडी म्हणजे दहा-पंधरा वर्षांची बोलेरो पिकअप किंवा २००५ साली पुण्याहून निघालेल्या टाटा एसची, म्हणजे लोकांच्या छोट्या हत्तीची, पहिली पिढी. धानोऱ्याच्या आसपास जी एखादी आखूड बोनेटाची जीप अजून दिसते ती बहुधा शेतावरच असते. तिच्या पट्ट्यावर कडब्याची कुट्टी होते, बोनेटवर धान वाळते. पाटीवरचे एमएच-१८ अजून वाचता येते.